अंदमानात सुट्टीला गेल्यावर किनाऱ्यावरून गरवायचं कसं

मुंबई-पुण्याच्या सवयीने सकाळी सातला किनाऱ्यावर पोचलात, तर मासे खाऊन-पिऊन खोल पाण्यात परतलेले असतात. भारताचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि अंदमान जवळपास ९३ अंशांवर. त्यामुळे डिसेंबरातही तिथे साडेपाचच्या सुमारास सूर्य वर येतो आणि पाचला बुडतो. एप्रिलमध्ये उजाडतं पाच-सव्वापाचला. गरवायचं तर पहाटे साडेचारला उठा, उजेड फुटताना गरी पाण्यात असू द्या आणि साडेसातला गुंडाळून नाश्त्याला या. दुसरी पाळी दुपारी साडेतीन ते अंधार पडेपर्यंत. मधल्या उन्हात बायकापोरांबरोबर पोहा, झोपा काढा.

उजेडाइतकंच भरतीचं. कोकणातला जुना हिशेब असा : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा हिशेब मुंबई-रत्नागिरीच्या किनाऱ्यापुरता खरा. अंदमानात तो लावू नका, तिथली भरती वेगळ्या वेळी येते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात पोर्ट ब्लेअरची (आताचं श्री विजयपुरम) वेळ आणि उंची दिलेली असते, मोबाइलवरही मिळते. ती आठवड्याभराची लिहून घ्या. बाकीचं सगळं आपल्याकडच्यासारखंच : भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, पुनवेला आणि अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती. पाणी मात्र मुंबईइतकं चढत-उतरत नाही. उधाणालाही फरक साधारण दोन मीटरचा. पण किनारा उथळ प्रवाळाचा असल्याने तेवढ्यानेही शे-दोनशे मीटर खडक उघडा पडतो.

या उघड्या पडणाऱ्या पट्ट्यावर सगळा खेळ आहे. ओहोटी लागली की पट्ट्यावरची बारकी मासळी, खेकडे, कोळंबी पाण्याबरोबर बाहेर सरकतात आणि मोठे मासे पट्ट्याच्या कडेला तोंड उघडून बसतात. भरती लागली की तेच मोठे मासे पाण्याबरोबर पट्ट्यावर चढतात. म्हणून ओहोटीचे शेवटचे दोन तास कडेवर आणि भरतीचे पहिले दोन तास मागे सरकत सरकत गरवायचं. पूर्ण भरतीला किंवा पूर्ण सुकतीला पाणी थांबतं, तेव्हा मासाही थांबतो. पाणी चालतं असण्याची वेळ आणि पहाट किंवा संध्याकाळ एकत्र येईल असे दोन-तीन दिवस सुट्टीत शोधा. बाकीचे दिवस सोडून दिले तरी चालतात.

आधी विचारा, मग टाका

वांडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान (जॉली बॉय आणि रेडस्किन बेटं त्यातच येतात) आणि स्वराज द्वीपाजवळचं राणी झांशी सागरी राष्ट्रीय उद्यान या दोन्ही हद्दींत मासेमारीला बंदी आहे. गंमत म्हणून टाकलेली गरीही त्यात आलीच. इतर किनाऱ्यांसाठी मत्स्य विभागात किंवा हॉटेलवाल्याकडे परवानगीचं विचारून घ्या. धक्क्यावरून गरवायचं तर तिथल्या कर्मचाऱ्याला विचारल्याशिवाय पिशवीसुद्धा उघडू नका. बऱ्याच धक्क्यांवर बोटींची आणि संरक्षण दलांची ये-जा असते. पोहणाऱ्यांच्या किनाऱ्यावर, म्हणजे राधानगर किंवा भरतपूरच्या गर्दीत, कोणी अडवलं नाही तरी गरी टाकू नये. मागे झोकलेली गरी कोणाच्या गालात बसेल सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट मगरीची. कोकणात गरवणारा माणूस पाय आपोआप खाडीच्या तोंडाकडे वळवतो, कारण तांबोशी, शेवटे, जिताडा तिथेच. अंदमानात हीच सवय जिवावर बेतू शकते. तिवरांच्या खाडीत आणि तिच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात. २०१० साली राधानगरजवळच्या नील्स कोव्हमध्ये स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका परदेशी तरुणीचा मगरीने बळी घेतला. तेव्हा खाडी, तिवरं, गढूळ पाणी, इशाऱ्याची पाटी यांपैकी काहीही दिसलं तर जागा बदला. अंधारात पाण्याच्या कडेला बसून मासा साफ करू नका आणि आतडी तिथेच फेकू नका. गुडघाभर पाण्यात उभं राहून गरवण्याचे फोटो छान येतात, पण ते काम इथे करायचं नाही.

जागा हेरणं

आदल्या दिवशी पूर्ण ओहोटीला नुसतं हिंडून या, हातात काही नको. उंचावरून पाहिलं तर फिकट हिरवं म्हणजे वाळू, तपकिरी ठिपके म्हणजे प्रवाळ आणि जिथून निळं काळसर होतं ती कड. दोन खडकांमधून वाळूची एखादी पांढरी वाट समुद्राकडे गेलेली दिसेल. तीच हेरायची. माशांचा येण्याजाण्याचा रस्ता तो, आणि तळ वाळूचा असल्याने गरी अडकत नाही. मोबाइलने त्या जागेचा फोटो काढून ठेवा. भरतीत सगळं सपाट निळं दिसतं आणि जागा सापडत नाही.

उभं राहायचं ते कोरड्या खडकावर किंवा वाळूवर. जिवंत प्रवाळावर पाय द्यायचा नाही, तो लगेच मोडतो आणि वन्यजीव कायद्याने संरक्षितही आहे. खडकावर चढण्याआधी वीस मिनिटं लाटा बघत बसा. लाटा एकसारख्या येत नाहीत, मध्येच तीन-चार मोठ्या येतात. त्या जिथवर पोचल्या त्याच्याही वर उभं राहा. काळपट-हिरवा, ओला चमकणारा खडक म्हणजे शेवाळ. त्यावर रबरी सपाताही घसरतात. आणि घड्याळात भरती लागण्याच्या वेळेचा गजर लावा, कारण पाणी समोरून चढताना दिसतं पण मागच्या सखल भागातून आधी भरतं आणि परतीची वाट बुडते.

सामान

चार तुकड्यांची प्रवासी रॉड घ्या, जोडल्यावर आठ-नऊ फूट होणारी, २० ते ६० ग्रॅम वजन फेकणारी. तिचा तुकडा पाऊण मीटरच्या आत असतो आणि सुटकेसमध्ये मावतो. दोन तुकड्यांची रॉड विमान, टॅक्सी आणि फेरी या तिघांत मिळून कुठेतरी मोडतेच. रील ४००० किंवा ५००० मापाची. तिच्यावर ३० पौंडी ब्रेड (म्हणजे तेवढा ताण सोसणारी, पदर विणलेली दोर) दोनशे मीटर आणि पुढे ५० पौंडी तंगूस (एकसंध नायलॉनची दोर) दीड-दोन मीटर. पुढचा तंगूस जाड लागतो तो माशाच्या ताकदीपेक्षा खडकाच्या धारेसाठी. ब्रेड प्रवाळाला नुसती घासली तरी तुटते, तंगूस ओरखडा सहन करतो. ब्रेड थेट रीलच्या फिरकीवर गुंडाळू नका. खाली पाच-सहा मीटर साधा तंगूस गुंडाळा. नाहीतर मोठा मासा लागल्यावर सगळा ब्रेडचा गुंडा फिरकीवर नुसता गरगर फिरतो आणि वाटतं रील बिघडली.

गऱ्या १ नंबरच्या दहा, २/० च्या दहा. आमिषासाठी सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेल्या गऱ्या घ्या, त्या जबड्याच्या कोपऱ्यात लागतात आणि मासा सोडायचा असेल तर सुटतो. पकडीने सगळ्या गऱ्यांचे उलटे काटे दाबून टाका. दोर ताणलेली ठेवली तर मासा सुटत नाही, आणि गरी स्वतःच्या बोटात गेली तर याचं मोल कळतं. शिसं ३० ते ६० ग्रॅमचं, किमान पंधरा नग, कारण निम्मं समुद्रात राहणार. शिशाऐवजी गाडीच्या गॅरेजातून जुने स्पार्क प्लग मागून आणले तर आणखी बरं. फुकटात मिळतात आणि गेल्याचं दुःख नाही. याशिवाय लांब तोंडाची पकड, कात्री, डोक्याचा टॉर्च, जाड तळाचे बूट, सुती हातमोजे आणि पोलराइज्ड चष्मा. तो लावला की पाण्यावरची चकाकी जाऊन तळ दिसतो.

गऱ्या, सुरी, पकड, शिसं हे सगळं चेक-इन बॅगेत. केबिनमध्ये नेलंत तर सुरक्षा तपासणीत काढून घेतील.

रॉडचा खर्च नको असेल तर हातदोरही पुरते. ६० पौंडी तंगूस पन्नास मीटर, लाकडी फळीवर किंवा पाण्याच्या बाटलीवर गुंडाळलेला. धक्क्यावरून आणि खोल कडेवरून हातदोर रॉडला हार जात नाही. फक्त बोटाभोवती वेढा घेऊन धरू नका.

गाठ

निम्मे मासे गाठीत सुटतात, म्हणून ही घरीच शिकून जा. गरीच्या नेढ्यातून तंगूस ओवा आणि वीतभर शेपूट ठेवा. शेपूट मागे वळवून मुख्य तंगुसाला लागून धरा, एक मोठा फास तयार होतो. आता शेपटीने फासाच्या आतून दोन्ही पदरांना मिळून पाच वेढे द्या. थुंकी लावा. शेपूट हळू ओढा, वेढे एकमेकांना चिकटून बसतील. मग मुख्य तंगूस ओढून गाठ नेढ्यापर्यंत सरकवा आणि शेपूट तीन मिलिमीटर ठेवून कापा. कोरडी गाठ झटक्यात आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने तंगूस तिथेच कमकुवत होतो. वेढे एकमेकांवर चढलेले दिसले, तर कापून पुन्हा बांधा.

ब्रेड आणि तंगूस जोडायला हीच गाठ दोन्ही बाजूंनी घालायची आणि दोन्ही एकमेकींवर ओढायच्या. ब्रेडच्या बाजूने आठ वेढे, तंगुसाच्या बाजूने चार. ब्रेड गुळगुळीत असते, पाच वेढ्यांत ती सुटून येते.

मांडणी अशी : तंगुसाच्या टोकाला शिसं, त्याच्या वर हातभर अंतरावर एक फास काढून त्याला वीतभर तंगूस आणि गरी. एकच गरी. दोन लावल्या की दुसरी खडकात अडकते. शिसं मात्र थेट बांधू नका, ८-१० पौंडी बारक्या दोऱ्याने बांधा. खडकात नेहमी शिसं अडकतं. मग ओढलं की हा कच्चा दोरा तुटतो आणि गरी, मासा, बाकी सगळं परत येतं. वाळूच्या वाटेत एवढी काळजी नको, तिथे तंगुसात सरकणारं शिसं घाला म्हणजे माशाला वजन जाणवत नाही. आणि जिथे तळाला सगळा प्रवाळच असेल तिथे तळाचा नाद सोडून सरकता तरंगा लावा. अंदाजे खोलीच्या निम्म्यावर आमिष लटकवायचं आणि पाच-पाच मिनिटांनी हातभर खाली न्यायचं.

आमिष

म्हाकूळ घ्या. कोळंबी माशांना जास्त आवडते, पण प्रवाळावरची बारकी मासळी ती दोन मिनिटांत कुरतडून रिकामी गरी ठेवते. म्हाकूळ चिवट, टिकतं. श्री विजयपुरमच्या जंगलीघाट धक्क्यावर सकाळी ताजी मासळी उतरते, तिथून म्हाकूळ आणि चार बांगडे घेऊन बर्फात ठेवा. म्हाकूळ उभं चिरून आतलं पारदर्शक पातं आणि पातळ कातडी काढा. करंगळीएवढ्या लांबीची, सेंटीमीटरभर रुंद पट्टी कापा, एक टोक निमुळतं. गरी रुंद टोकातून एकदाच आरपार घाला आणि गरीचं टोक उघडं राहू द्या. पट्टी पाण्यात जिभेसारखी वळवळायला हवी. पाच ठिकाणी टोचून गोळा केला तर तो भोवऱ्यासारखा फिरतो, तंगुसाला पीळ पडतो आणि गरीचं टोक मांसात गाडलं जाऊन मासा लागत नाही. बांगड्याची पट्टी कातडीसकट कापा, कातडीच्या बाजूने गरी घाला आणि शिवणाच्या दोऱ्याने चार वेढे द्या. आमिष उरलं तर जाडं मीठ चोळून ठेवा. दुसऱ्या दिवशी ते आणखी घट्ट होतं.

कृत्रिम आमिषात ३० ग्रॅमचा चमचा (चमकणारा धातूचा पत्रा) आणि तीन इंची पॉपर (पाण्यावर फटफटत येणारा खोटा मासा) एवढे दोन पुरे. तीन काट्यांची गरी काढून एकेरी लावा. ट्रेव्हलीसाठी जेवढ्या वेगाने ओढता येईल तेवढ्या वेगाने ओढा. आस्ते ओढलं की ती मागे येऊन बघते आणि परत जाते. दातेरी बाराकुडा आणि टोळ असतील तर गरीच्या आधी वीतभर तार लावा.

टाकणं आणि ओढणं

ड्रॅग, म्हणजे ताण वाढला की दोर सोडणारा रीलचा ब्रेक, आधी लावा. सामान तोलायचा छोटा काटा प्रवासात असतोच, तो दोरीच्या टोकाला अडकवून ओढा. तीन ते चार किलोला फिरकी सुटायला हवी. अंदाजाने घट्ट केलेली ड्रॅग पहिल्या हिसक्यालाच दोर तोडते.

मागे बघून टाका. शिसं पाण्यात पडलं की रीलची कमान हाताने बंद करा आणि ढिली ब्रेड बोटांत धरून एकदा ताणून घ्या. हे विसरलं तर ढिला वेढा फिरकीवर बसतो आणि पुढच्या फेकीला सगळा गुंता एकदम बाहेर येतो. ब्रेडचा तो गुंता सोडवण्यात पहाट निघून जाते. कात्री लावा, पुन्हा जोडा.

टकटक जाणवली की हिसका देऊ नका, ती बारकी मासळी. सर्कल हुकला हिसका मुळीच नको. रॉड वाकली आणि वाकलेलीच राहिली की नुसतं गुंडाळायला लागा. हेकरू किंवा तांबोशी लागली तर पहिले पाच सेकंद तुमचे. मासा सरळ बिळाकडे धावतो. तेवढा वेळ रॉड उंच, पाय घट्ट, ढील नाही. बिळात शिरलाच तर ओढत बसू नका. दोर पूर्ण ढिली सोडून पाच मिनिटं थांबा, बऱ्याचदा तो आपणहून बाहेर येतो. ट्रेव्हलीचं उलट, ती मोकळ्या पाण्यात धावते. तिला धावू द्या.

शेवटी मासा रॉडने वर उचलू नका, रॉडचं टोक मोडतं. येणाऱ्या लाटेबरोबर वाळूवर सरकवून घ्या.

हात कुठे लावायचा नाही

केंड, म्हणजे फुगणारा मासा, गरीला हमखास लागतो. त्याचं विष शिजवून जात नाही. गरी कापा आणि सोडून द्या. ट्रिगरफिशचे दात बोट फोडतात. शिंगाळ्याचे तिन्ही काटे विषारी, तसेच पाकटाच्या शेपटीचा. उथळ पाण्यात दगडासारखा पडून राहणारा स्टोनफिश तर दिसतही नाही, जाड तळाचे बूट त्याच्यासाठी. काटा लागलाच तर हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, वेदना उतरतात. पाण्याचा गरमपणा दुसऱ्याच्या हाताने बघा, दुखणाऱ्या हाताला तो कळत नाही. मग दवाखाना. गरी डोळ्याजवळ रुतली असेल तर कोणी कितीही शहाणपण सांगितलं तरी ओढायची नाही.

महाकाय हेकरू, समुद्रघोडा, समुद्रकाकडी, प्रवाळ आणि कासव संरक्षित आहेत. चुकून गरीला लागले तर पाण्यातच सोडा. प्रवाळाचा मेलेला तुकडाही बॅगेत घालू नका, विमानतळावर काढून घेतात.

मासा पकडला, आता

वीतभर लांबीचे सगळे परत. हात ओले करून धरा, कोरड्या हाताने माशाचा बुळबुळीत थर निघतो आणि तो पुढे आजारी पडून मरतो. खायला ठेवायचा तो लगेच मारा. डोक्यावर एक जोराचा घाव, मग कल्ल्यांखाली काप देऊन रक्त जाऊ द्या. डब्यात दोन भाग बर्फ आणि एक भाग समुद्राचं पाणी घालून त्यात बुडवा. बादलीत उन्हात ठेवलेल्या बांगड्यात, ट्रेव्हलीत, कुपात तासाभरातच खाज-उलट्या आणणारं विष तयार व्हायला लागतं, आणि तेही शिजवून जात नाही. मोठा बाराकुडा फोटो काढून सोडून द्यावा. प्रवाळावरचे मोठे शिकारी मासे खाल्ल्याने विषबाधेचा धोका असतो.

हॉटेलच्या स्वयंपाकघरात आणलेला मासा करून देतात का ते आदल्या दिवशी विचारा, म्हणजे भात जास्त टाकतील. पाव किलोचा हेकरू तळण्यापेक्षा कालवणाचा. त्याचं डोकं तर टाकूच नये. घरून चार तिरफळं आणि आगळाची छोटी बाटली नेली असेल तर आचाऱ्याशी लवकर दोस्ती होते.

रात्री झोपण्याआधी रॉड आणि रील गोड्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा, नळाच्या जोरदार धारेखाली धरू नका. धारेने मीठ निघण्याऐवजी आत घुसतं. ड्रॅगचं बटण ढिलं करून ठेवा, दाबलेल्या चकत्या चिकटतात. ब्रेडचे कापलेले तुकडे खिशात घालून आणा, किनाऱ्यावर राहिले तर पक्ष्यांच्या पायांत अडकतात. मग उद्याच्या ओहोटीची वेळ बघून साडेचारचा गजर लावा.